दारूची शपथ आणि दारूचा उपचार

पंचशीलातील पाचवे शील मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही मद्य न घेण्याची प्रतिज्ञा आहे. आपल्या समाजात ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तेव्हा दारू वाईट, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. ज्याने दहा वेळा शपथ घेतली आणि दहाही वेळा मोडली, त्याने व त्याच्या घरच्यांनी जायचे कुठे, तिथे नेमके काय करतात, किती दिवस लागतात, याची माहिती मात्र फार थोड्यांना असते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे. त्यातही फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या बांधवांचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. तो का, ते ओघाने येईलच.

सातारा-सांगलीचा मुलूख फौजेला माणसे पुरवणारा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांतून भरतीला जाण्याचा रिवाज पडला. आमच्या कवठे महांकाळ तालुक्यात म्हैसाळ योजनेचे पाणी येण्याआधी शेतीचा भरवसा कुणालाच नव्हता. पोरगा दहावी-बारावी झाला की भरतीच्या मैदानावर उभा राहायचा. हाच पोरगा पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून ऐन चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शनवर घरी येतो. इतर लोक ज्या वयात संसाराला जुंपलेले असतात, त्या वयात हा मोकळा. हाताशी दरमहा पेन्शन आणि कॅन्टीनच्या कार्डावर महिन्याचा कोटा.

बँकेतील नोकरीमुळे पेन्शनर मंडळींशी माझा नित्य संबंध येतो. काही माणसे सकाळी काउंटर उघडल्याबरोबर येतात. पैसे काढण्याच्या स्लिपवर सही करताना त्यांचा हात इतका थरथरतो की सही नमुन्याशी जुळत नाही. शेवटी अंगठा घ्यावा लागतो. वय पाहावे तर पंचेचाळीसही नसते. तोच गृहस्थ दुपारी तीन वाजता पासबुक भरायला येतो, तोंडाला वास येत असतो, आणि आता सही मात्र ठसठशीत उमटते. रांगेतले लोक हसतात. पण यात हसण्यासारखे काही नाही. दारू पोटात गेल्यावर ज्याचा हात स्थिर होतो, त्याच्या शरीराने दारू हा आपल्या रोजच्या कारभाराचा भाग मानलेला असतो. व्यसन हा आजार आहे असे डॉक्टर म्हणतात, त्याचा एक अर्थ इतका साधा आहे.

हे कसे घडते, ते पूर्वीच्या मोटेच्या उदाहरणाने समजावून घेता येईल. दारू मेंदूचे काम मंद करते. रोज भरपूर दारू येऊ लागली की मेंदू तिच्या विरुद्ध जोर लावून आपला तोल राखायला शिकतो, जसा भरलेली मोट ओढणारा बैल पुढच्या बाजूला जोर लावून असतो. आता नाडा अचानक तुटला तर काय होईल? बैल तोंडघशी पडेल. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली की मेंदूचे तसेच होते. जोर चालू असतो, ओझे नाहीसे झालेले असते. सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींची शुद्धच हरपते. अंगावर किडे फिरतायत म्हणून तो कपडे झटकू लागतो, कोपऱ्यात माणसे दिसतात, बायकोला ओळखत नाही, ताप चढतो. या शेवटच्या अवस्थेत वेळेवर उपचार झाला नाही तर माणूस दगावतो.

आणि नेमक्या याच वेळी आपल्याकडे काय होते? 'बाहेरचं काहीतरी झालंय' म्हणून देवऋषी बोलावतात, उतारा टाकतात, अंगारा लावतात. चांगले शिकलेले लोकही असे करताना पाहिले आहेत. दारू सोडल्यानेच याला असे झाले असेल, ही शंका कुणालाच येत नाही, कारण दारू सोडणे ही तर चांगली गोष्ट. मग तिने वाईट कसे होईल?

म्हणून पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जो सणावारी, लग्नकार्यात घेतो, त्याने आजच शपथ घ्यावी आणि घरी बसून ती पाळावी. त्याला दवाखान्याची गरज नाही. पण जो वर्षानुवर्षे रोज पितो, ज्याला सकाळी उठल्यावर घोट लागतो, ज्याला पूर्वी कधी आकडी आली आहे किंवा ज्याचे लिव्हर खराब झाले आहे, त्याला खोलीत कोंडून दारू बंद करणे धोक्याचे आहे. त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटली पाहिजे. शील पाळण्याचा निश्चय त्याचाच. पण त्याला त्या निश्चयापर्यंत जिवंत पोहोचवण्याचे काम औषधाचे आहे.

या पहिल्या टप्प्याला 'डिटॉक्स' म्हणतात. तो साधारण आठवडा ते दहा दिवसांचा असतो. दारूसारखेच मेंदूला शांत करणारे औषध (बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोरॅझेपॅम) पुरेशा मात्रेत देतात आणि रोज थोडे थोडे कमी करत बंद करतात. म्हणजे नाडा तोडायचा नाही, मोट हळूहळू हलकी करायची. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व फार कमी झालेले असते. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवले तर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. 'दोन बाटल्या सलाइन लावा, ताकद येईल' असा आग्रह नातेवाईक धरतात, तेव्हा पेशंट पिणारा आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. हीच गोष्ट हाड मोडून किंवा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या माणसाची. लाजेकाजेस्तव घरचे दारूचा उल्लेख टाळतात, आणि तिसऱ्या रात्री पेशंट सुया उपसून पळत सुटतो. त्या वॉर्डात कुणालाच कळत नाही की हे काय झाले. दारू लपवण्याची जागा दवाखाना नव्हे.

डिटॉक्स झाले म्हणजे माणूस बरा झाला, असा सर्वांचा समज असतो. दहा दिवसांनी चेहऱ्यावर तेज येते, भूक लागते, तो मुलांना जवळ घेतो. घरचे पेढे वाटतात. खरे तर शरीरातली दारू गेली, एवढेच झालेले असते. ओढ गेलेली नसते. पुढच्या टप्प्यासाठी काही गोळ्या आहेत. त्यांतली सर्वांत जुनी डायसल्फिरॅम. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये जंतावरचे औषध म्हणून दोन संशोधक ती स्वतःवर घेऊन पाहत होते. त्यांच्या लक्षात आले की ही गोळी घेतल्यावर थोडीशी दारू घेतली तरी जीव नकोसा होतो. तोंड लाल होते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. ज्याने समजून-उमजून, डॉक्टरांच्या सल्ल्याने ही गोळी सुरू केली, त्याला ती कुंपणासारखी उपयोगी पडते. पण 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' अशा ज्या जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या दिसतात, त्यांच्या पुड्यांत काय असते ते विकणाराच जाणे. डायसल्फिरॅम चहातून चोरून देणे हा तर जिवाशी खेळ आहे. शेवटच्या गोळीनंतरही बारा-चौदा दिवस तिचा परिणाम राहू शकतो आणि हृदयविकाराचा माणूस त्यात जाऊ शकतो. नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही अलीकडची औषधे ओढ कमी करतात; ती कुणाला चालतील, हे लिव्हर-किडनीच्या तपासण्या पाहून डॉक्टर ठरवतात.

गोळीने ओढ कमी होईल, पण संध्याकाळचे सहा वाजले की करायचे काय, हा प्रश्न गोळी सोडवत नाही. त्यासाठी व्यसनमुक्ती केंद्र. महाराष्ट्रात या कामाचा पाया घालण्यात पुण्याच्या 'मुक्तांगण'चा वाटा मोठा आहे. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत ब्राऊन शुगरचे, म्हणजे गर्दचे, व्यसन पसरले, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट मानसोपचाराच्या क्षेत्रातल्याच. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. १९९७ साली डॉ. अनिता गेल्या, २०२२ साली अनिल अवचटही गेले. काम मुक्ता पुणतांबेकर यांच्या नेतृत्वाखाली चालू आहे. तिथला उपचार पाच आठवड्यांचा. योगासने, श्रमदान, गटचर्चा, समुपदेशन असा दिवस बांधलेला असतो. मला विशेष वाटते ते असे, की तिथले बरेच कार्यकर्ते स्वतः एकेकाळचे पेशंट आहेत. 'मला सगळं कळतं, तू मला शिकवू नको' हे पिणाऱ्याचे नेहमीचे वाक्य तशा माणसापुढे टिकत नाही. पत्नींसाठी तिथे 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. आपल्याला जवळ पडणारे नाव म्हणजे साताऱ्याची 'परिवर्तन' संस्था. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ती सुरू केली. २०१३ साली त्यांची हत्या झाली, त्या वेळी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, पण व्यसनमुक्तीचे त्यांचे काम लोकांना तितकेसे ठाऊक नाही.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे 'ए.ए.', हा आणखी एक मार्ग. १९३५ साली अमेरिकेत एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही अट्टल मद्यपी, एकमेकांशी बोलत बोलत दारूपासून दूर राहिले. त्यातून ही चळवळ उभी राहिली. भारतात ती १९५७ च्या सुमारास आली. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, वर्गणी ऐच्छिक. जन्मभराची शपथ तिथे घ्यायला लावत नाहीत. फक्त आजचा दिवस पिणार नाही, एवढेच म्हणायचे, आणि उद्या उठून पुन्हा तेच. जन्मभराच्या शपथेच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला हे चोवीस तासांचे माप पेलते.

आता फौजेतील माणसाकडे वळू. नोकरीत असताना त्याच्यापुढे दोन दारे एकाच वेळी उघडी असतात आणि ती एकमेकांविरुद्ध आहेत. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टच्या ४८ व्या कलमाप्रमाणे नशेत सापडणे हा गुन्हा आहे, मग जवान ड्युटीवर असो वा नसो. दुसरीकडे, दारूचे अवलंबित्व हा आजार म्हणून लष्करी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याच्यावर मोफत आणि उत्तम उपचार होतात. उपचारानंतर त्याला खालच्या मेडिकल कॅटेगरीत ठेवून ठरावीक मुदतीने तपासतात. टिकून राहिला तर कॅटेगरी पुन्हा वर येऊ शकते. पुन्हा पुन्हा घसरला तर नोकरीतून काढण्याची वेळ येते. जवानाची किमान सेवा पेन्शन पंधरा वर्षांना पिकते. त्याआधी घरी पाठवले तर? अपंगत्व पेन्शनच्या नियमांत दारू-तंबाखूच्या अतिरेकामुळे आलेल्या आजाराला भरपाई नाही, कारण ती गोष्ट माणसाच्या स्वतःच्या हातातली मानली आहे. म्हणजे उपचाराच्या दाराशी तो आजार, आणि पेन्शनच्या खिडकीशी तोच त्याचा दोष! हा हिशेब जवानाला चांगला कळतो. म्हणून तो पंधरा वर्षे लपवतो, सोबतीही सांभाळून घेतात, आणि जो आजार दहाव्या वर्षी महिन्याभरात आटोक्यात आला असता तो पेन्शनबरोबर घरी येतो. नियम करणाऱ्यांनी यावर विचार करायला हवा असे माझे मत आहे.

जाता जाता एक गैरसमज. थंडीत रम अंग गरम ठेवते असे फौजी छातीठोकपणे सांगतात. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या आतली उष्णता बाहेर जाते. ज्या ब्रिटिश आरमाराकडून रमची ही परंपरा सर्वत्र पसरली, त्यांनी स्वतः रोजचा रमचा रतीब ३१ जुलै १९७० रोजी बंद केला.

परिस्थिती बदलली की व्यसनाचे काय होते, याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकन सैनिकांचे आहे. व्हिएतनाम युद्धात हेरॉइन स्वस्त आणि सहज मिळत असे. १९७१ पासून सरकारने मायदेशी निघालेल्या सैनिकांची लघवी तपासायला सुरुवात केली. ज्याच्या तपासणीत नशा सापडेल त्याला ती उतरेपर्यंत विमानात जागा नाही. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पुढे त्या सैनिकांना घरी गाठून चौकशी केली. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले होते. जागा बदलली, सोबत बदलली, माल मिळेना. आपल्या माजी सैनिकाचे याच्या बरोबर उलटे होते. पलटणीत पहाटेची पी.टी. होती, रोल-कॉल होता, विचारणारा वरिष्ठ होता. गावी आल्यावर यातले काहीच उरत नाही, दारू मात्र दोन्हीकडे आहे. म्हणून निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष घरच्यांनी जपावे. त्याला लगेच कामाला लावावे, मग ते सुरक्षा रक्षकाचे असो की पोरांना भरतीसाठी पळायला शिकवण्याचे. मान आणि शिस्त या दोन्हींची त्याला भूक असते.

माजी सैनिकाच्या हक्काची जी दारे आहेत, ती बहुतेक घरांतल्या बायकांना माहीत नसतात. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना चालू आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये कार्ड दाखवून डॉक्टरांना दारूबद्दल खरे सांगावे. ते मानसोपचार तज्ज्ञाकडे किंवा लष्करी रुग्णालयात पाठवतात. बेळगाव व पुणे येथे लष्करी रुग्णालये आहेतच. निवृत्तीनंतर कॅटेगरीची भीती उरलेली नसते आणि पिकलेली सेवा पेन्शन उपचार घेतला म्हणून कमी होत नाही. काउंटरवर मला हा प्रश्न दबक्या आवाजात अनेकदा विचारला गेला आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. जे अजून नोकरीत आहेत, त्यांच्यासाठी व त्यांच्या कुटुंबासाठी पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मध्ये डिसेंबर २०२३ पासून टेलि-मानसचा खास कक्ष सुरू झाला आहे. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६. पतीची ड्युटी सीमेवर असली तरी पत्नी गावाहून फोन करू शकते.

फौजेबाहेरच्या माणसाला मिरज जवळ आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रेही आहेत; त्यांचे पत्ते १४४४६ या मोफत क्रमांकावर मिळतात. दवाखाने नाहीत म्हणून लोक मरतात असे नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसून आले, की दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळाला होता, आणि दाखल होऊन उपचार घेणारा दर १८० मध्ये एक.

खाजगी केंद्रांबद्दल मात्र सावध राहावे. काही ठिकाणी व्यसनमुक्तीच्या नावाखाली मारहाण होते, माणूस बांधून ठेवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचे व ड्रग्जचे व्यसनही येते आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. पैसे भरण्याआधी विचारावे : केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, घरी गेल्यावर फॉलो-अप आहे का. महिनाभर कोंडून ठेवू आणि 'गॅरंटीने' सोडवू असे जो म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नये. गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीतील वगळलेल्या आजारांची यादी वाचावी. व्यसनाचे उपचार तिथे बहुधा वगळलेले असतात. गर्द-गांजाच्या बाबतीत पोलिसांची भीती वाटते, पण अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, थोड्या प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

माणूस उपचार घेऊन आला आणि चार महिन्यांनी पुन्हा प्यायला, तर 'सगळे पैसे पाण्यात गेले' असे म्हणू नये. साखर पुन्हा वाढली म्हणून आपण मधुमेह्याला घराबाहेर काढत नाही, औषध बदलतो. घसरला त्याच दिवशी परत केंद्रात नेले तर घसरण छोटी राहते. महिनाभर लपवले तर सुरुवातीपासून सुरू करावे लागते. पत्नीने पेन्शनचे खाते संयुक्त करून घेण्याबद्दल नवरा शुद्धीवर असताना, त्याच्या संमतीने, शाखेत चौकशी करावी. पती-पत्नीचे संयुक्त पेन्शन खाते नियमात बसते. मात्र त्याचे ए.टी.एम. कार्ड हिसकावून घेण्याने भांडणापलीकडे काही निष्पन्न होत नाही, असा माझा काउंटरवरचा अनुभव आहे.

मिरजेला न्यायचे ठरले तर सकाळच्या पहिल्या गाडीने निघावे, कारण ओ.पी.डी.चा केसपेपर सकाळीच काढावा लागतो. आदल्या रात्रीपासून दारू तोडून नेऊ नये. वाटेत आकडी आली तर पंचाईत होते. सोबत दोन धडधाकट माणसे असावीत, आणि एकजण असा असावा की ज्याचे तो ऐकतो, मग तो मामा असो, शाळेचे मास्तर असोत की पलटणीतला जुना सोबती. आधार कार्ड, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी, आणि माजी सैनिक असल्यास डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ.ची प्रत व ई.सी.एच.एस. कार्ड पिशवीत घ्यावे. रोज किती पितो, किती वर्षांपासून आणि शेवटची केव्हा घेतली, हे एका कागदावर खरे लिहून तो कागद डॉक्टरांच्या हातात द्यावा.